चर्चमधील रविवारची उपासना : पहिल्यांदा येणाऱ्यांना काय दिसेल, काय करावे लागेल

घंटाघर

गेल्या रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे आमच्या चर्चच्या दारापाशी गीतांची पुस्तके हाती देण्यासाठी उभा होतो. फाटकाबाहेर एक मध्यमवयीन जोडपे बराच वेळ थांबलेले दिसले. ताईंच्या हातात पानात बांधलेली फुलांची पुडी होती, आणि त्यांचे यजमान पायांतल्या चपला काढाव्यात की ठेवाव्यात अशा विचारात आत जाणाऱ्या माणसांच्या पायांकडे पाहत होते. पुस्तकांचा गठ्ठा बाकावर ठेवून मी त्यांच्याकडे निघालो, तोवर पहिले गीत सुरू झाले, आतली सगळी मंडळी उभी राहिली, आणि आपल्याला उशीर झाला असे वाटून ते दोघे मागे फिरले. फुलांची पुडी त्यांनी फाटकालगतच्या कट्ट्यावर ठेवली होती. ती मी नंतर आत नेली, परंतु ज्यांनी ती आणली त्यांना आत घेता आले नाही याची रुखरुख आठवडाभर गेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझा जन्म पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. आमचे चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या मंडळीचे आहे. वेगवेगळ्या सहा मंडळ्या एकत्र येऊन १९७० साली नागपूर येथे ती स्थापन झाली. आमच्या घरात ‘चर्चला जातो’ यापेक्षा ‘देवळात जातो’ असेच अधिक म्हटले जाई. पंचहौदाजवळच्या १८८५ सालच्या चर्चचे नावसुद्धा मराठीत ‘पवित्र नाम देवालय’ असेच आहे. हे सांगण्याचे कारण असे की, मंदिरात वाढलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा तो आदर कसा दाखवावा हे शिकूनच आलेला असतो. अडचण होते ती काही ठरावीक ठिकाणी, जिथे त्याच्या सवयीचा अर्थ आमच्याकडे वेगळा होतो. तेवढ्याच जागा इथे नीट सांगाव्यात असे मला वाटते.

चपला पायांतच असू द्याव्यात. पुण्यातल्या बहुतेक चर्चमध्ये बाके असतात आणि लोक पादत्राणे घालूनच बसतात. जिथे जमिनीवर सतरंजी अंथरलेली असते तिथे दाराशी चपलांची रांग दिसेलच, तिथे काढाव्यात. पुरुषांनी टोपी काढावी. पगडी किंवा पागोटे हा ज्यांच्या धर्माचा भाग आहे त्यांनी अर्थातच काढू नये. आमच्या वयस्कर बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावरून पदर घेतात. पाहुण्या स्त्रियांनी तसे करायलाच हवे असे नाही. आत आल्यावर वाजवायची घंटा शोधू नये, कारण आमची घंटा मनोऱ्यात असते आणि ती लोकांना बोलावण्यासाठी नेमलेली माणसेच वाजवतात. वेदीसमोर लांबूनच हात जोडावेत. वेदीच्या पायऱ्या चढून वर जाऊ नये आणि तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू नये. फुले आणली असतील तर दारावरच्या माणसाकडे द्यावीत, तो ती योग्य जागी ठेवील.

बसण्यासाठी मधल्या ओळींतली जागा बरी. अगदी पुढे बसले की कधी उठायचे आणि कधी बसायचे हे कळायला समोर कोणी उरत नाही. साधारणपणे गीताला उभे राहायचे, वाचनाला आणि संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, बसायचे, आणि प्रार्थनेच्या वेळी काही लोक गुडघे टेकतात तर काही नुसते मान खाली घालून बसतात. गुडघे टेकता येत नसतील किंवा टेकायचे नसतील तर स्वस्थ बसून राहावे, कोणी वळून पाहणार नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या बाकाच्या पाठीमागे, खाली, एक लाकडी किंवा गादी लावलेली फळी असते. ती गुडघ्यांसाठी आहे. अजाणता तिच्यावर बूट ठेवले जातात आणि शेजारच्या आजींना ते सांगताना अवघड होते.

उपासना सुमारे दीड तास चालते. आरंभीच्या गीतानंतर सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतात, मग जुन्या करारातले आणि नव्या करारातले वाचन होते, विश्वासांगीकार म्हटला जातो, पाळकसाहेब संदेश देतात, मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजारी माणसे, शहर, देश यांची आठवण केली जाते, दान गोळा होते आणि शेवटी आशीर्वाद मिळतो. दानाची कापडी थैली रांगेतून फिरते. ती तुमच्यापाशी आली की तशीच पुढे द्यावी. पाहुण्याने दान द्यावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते.

सूचनांच्या वेळी ‘आज कोणी नवीन आले आहे का?’ असे विचारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि मग पाहुण्यांना उभे राहून नाव सांगावे लागते. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आत येतानाच दारावर तसे सांगावे. माझ्या मते ही पद्धत बदलायला हवी. पाहुण्याचे स्वागत त्याच्या सोयीने व्हावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. लोक रांगेने वेदीच्या कठड्यापाशी जातात, गुडघे टेकतात, आणि त्यांना भाकरीचा लहानसा तुकडा व द्राक्षरस दिला जातो. काही वर्षांपूर्वी एक ताई, बहुधा कोणाच्या तरी सहकारी असाव्यात, रांगेबरोबर पुढे आल्या आणि त्यांनी उजव्या हाताखाली डावा हात धरून, वर पदराचे टोक घेऊन ओंजळ पुढे केली, अगदी जसा सत्यनारायणाचा प्रसाद घेतात तशी. पाळकसाहेबांनी हळू आवाजात एक प्रश्न विचारला, मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ते पुढच्या माणसाकडे गेले. ताई रिकाम्या ओंजळीने जागेवर परतल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. प्रसाद नाकारू नये असे त्यांना लहानपणापासून शिकवले होते, आणि इथे तर प्रसादानेच त्यांना नाकारले होते. चूक त्यांची नव्हती; आधी दोन शब्द सांगायचे आम्हीच विसरलो होतो. म्हणून सांगतो : प्रभुभोजन हा सर्वांना वाटला जाणारा प्रसाद नाही. ज्याने बाप्तिस्मा घेतला आहे, ज्याचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर जाणत्या वयात होणारा विधी) झाले आहे आणि ज्याने आपला विश्वास मंडळीसमोर कबूल केला आहे, त्याने ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करून त्याच्याशी पुन्हा बांधून घेणे असा त्याचा अर्थ आहे. अर्थ माहीत नसताना कोणाकडून तशी कबुली घेणे आम्हाला अयोग्य वाटते. त्या वेळी बाकावर बसून राहणे हा अपमान नाही, कोणाचाही नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारावेत. इतर मंडळ्यांतील सभासदांनी आपापल्याकडची पद्धत सांगितली तर हा धागा अधिक उपयोगी होईल.

कर्वेरस्ता

अतिशय वेळेवर आलेला धागा. माझ्या कार्यालयातील मैत्रिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा येत्या महिन्यात आहे आणि तिने आम्हा दोघांना आग्रहाने बोलावले आहे. बारशाला जावे तसे जायचे, की हा अधिक गंभीर विधी असतो? काही भेट न्यायची का, आणि ती केव्हा द्यायची? माझी आठ वर्षांची मुलगी बरोबर असेल. ती दीड तास गप्प बसेल याची मला खात्री नाही. आणखी एक, थोडे संकोचाने विचारते : प्रार्थनेच्या वेळी सगळे जे मोठ्याने म्हणतात ते मीही म्हणावे का? न म्हटले तर उद्धटपणा वाटेल, आणि म्हटले तर आपण मनापासून मानत नसलेले काही बोलल्यासारखे होईल, अशा कात्रीत मी सापडले आहे.

घंटाघर

कर्वेरस्ता ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत प्रामाणिक आहे. जे मनात नाही ते म्हणू नये. विश्वासांगीकार म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’ अशी स्वतःच्या नावाने दिलेली कबुली आहे. ती ज्याची आहे त्यानेच द्यावी. तुम्ही उभ्या राहून शांतपणे ऐकले तर तो पूर्ण आदर झाला. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना मात्र अनेक पाहुणे आमच्याबरोबर म्हणतात. तेही ज्याच्या त्याच्या इच्छेवर.

बाप्तिस्म्याचा विधी बहुधा रविवारच्या उपासनेतच होतो. आईवडील, आणि जिथे पद्धत असेल तिथे धर्ममाता-धर्मपिता, बाळाला घेऊन कुंडापाशी येतात, पाळकसाहेब त्यांना प्रश्न विचारतात आणि ते मंडळीसमोर वचन देतात की आम्ही या लेकराला विश्वासात वाढवू. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाळाच्या मस्तकावर पाणी घातले जाते. नाव मोठ्याने उच्चारले जाते, म्हणून त्यात बारशाचा भाग आहे असे वाटते. परंतु बाळ मंडळीचे होते, हा त्याचा गाभा. भेट जरूर न्यावी, पण ती विधीच्या वेळी न देता नंतर घरी किंवा सभागृहात जेवणाच्या वेळी द्यावी. कपडे लग्नाला जाताना घालतो तसे, थोडे साधे.

मुलीची काळजी करू नये. संदेशाच्या वेळी मुलांना संडे स्कूलसाठी शेजारच्या खोलीत नेतात. तिला जायचे असेल तर ती जाईल, नाहीतर तुमच्याजवळ चित्रे काढत बसेल. लहान मुलांच्या आवाजाची आमच्या मंडळीला सवय आहे.

वसईची वाट

मी कॅथलिक आहे, मूळचा वसईचा, आता नोकरीनिमित्त पुण्यात. आमच्याकडची उपासना म्हणजे मिस्सा. ती रविवारी साधारण एका तासात होते. रचना बरीचशी घंटाघर यांनी सांगितली तशीच आहे, परंतु आमच्याकडे ख्रिस्तप्रसाद (घंटाघर ज्याला प्रभुभोजन म्हणतात तो विधी) महिन्यातून एकदा नसून प्रत्येक मिस्सामध्ये असतो, आणि सगळी मिस्सा त्या क्षणाकडे चढत जाते. म्हणून पाहुण्यांच्या गोंधळाचे प्रसंगही आमच्याकडे अधिक.

पहिला गोंधळ दारातच होतो. प्रवेशाजवळ भिंतीला लागून पाण्याचे एक लहान भांडे असते, कधी संगमरवरी, कधी पितळी. ते पवित्र पाणी. आम्ही त्यात बोटाची टोके बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांवर क्रुसाची खूण करतो. एकदा माझ्या शेजारच्या काकांनी ते तीर्थ समजून तळहातावर घेतले आणि प्यायले, उरलेले डोळ्यांना लावले. त्यांच्या मनात श्रद्धाच होती आणि त्यामुळे कोणाला राग येण्याचे कारणच नव्हते. तरी ते पिण्यासाठी नसते आणि दिवसभर शेकडो बोटे त्यात बुडतात, एवढे माहीत असलेले बरे.

वाचने झाल्यावर शुभवर्तमानाला, म्हणजे येशूच्या जीवनाविषयीच्या वाचनाला, सर्व जण उभे राहतात, कारण त्या वेळी ख्रिस्त स्वतः बोलत आहे अशी आमची भावना असते. पुढे भाकर आणि द्राक्षरस यांच्यावरची मोठी प्रार्थना सुरू झाली की वेदीसेवक मुले एक लहान घंटी वाजवतात आणि सारे चर्च गुडघ्यांवर येते. फादर पांढरी गोल ओस्ती दोन्ही हातांनी उंच धरतात. त्या क्षणी एवढ्या माणसांत जी शांतता होते ती मी दुसऱ्या कुठल्या ठिकाणी अनुभवलेली नाही. ती गव्हाच्या पिठाची, खमीर न घातलेली, पातळ पापुद्र्यासारखी भाकर त्या प्रार्थनेनंतर ख्रिस्ताचे शरीर होते, असे आम्ही अक्षरशः मानतो. आठवण किंवा खूण एवढेच तिचे स्वरूप आमच्यासाठी राहत नाही. म्हणून ती घेण्याआधी आम्हीही एक तास काही खात नाही, मनावर मोठ्या पापाचे ओझे असेल तर फादरांपाशी त्याची कबुली दिल्याशिवाय पुढे जात नाही. अनेक कॅथलिकसुद्धा त्या वेळी जागेवर बसलेले तुम्हाला दिसतील. पाहुणा बसून राहिला तर तो एकटा पडत नाही. चुकून ओस्ती हातात पडलीच तर ती रुमालात बांधून घरी नेऊ नये. जागेवरच फादरांना किंवा शेजारच्या माणसाला हळूच सांगावे. घरच्यांसाठी प्रसाद नेण्याच्या चांगल्या हेतूने असे झालेले मी पाहिले आहे, आणि मग सेवकांना धावत जावे लागते.

त्याआधी शांतीची खूण देण्याचा क्षण येतो. परदेशांत लोक हस्तांदोलन करतात. आपल्याकडे शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात आणि किंचित वाकतात. हे तर तुम्हाला जमणारच.

मिस्सा कुठल्या भाषेत आहे हे फलकावर पाहून जावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत, जगभर ती प्रामुख्याने लॅटिनमध्ये होत असे. माझ्या आजीने आयुष्याची पहिली पन्नास वर्षे अर्थ न कळता ऐकली आणि तरी एक रविवार चुकवला नाही. पुण्यात आज मराठी, इंग्रजी, कोकणी, तमिळ, मल्याळम अशा भाषांत मिस्सा होतात. क्वार्टर गेटजवळचे जुने सिटी चर्च पाहण्यासारखे आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांसाठी १७९२ साली त्यासाठी जागा दिली होती. पेठांच्या कडेला, पेशवाईतच, मिस्सा होऊ लागली ही गोष्ट माझ्या पुणेकर मित्रांनाही ठाऊक नसते.

निवृत्त शिक्षिका

वरील सर्व माहिती वाचून समाधान वाटले, परंतु एक दुसरी बाजूही नोंदवते. अनेक वर्षांपूर्वी माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या अंत्यविधीच्या उपासनेसाठी मी पुण्यातील एका चर्चमध्ये गेले होते. घाईत एका मोकळ्या बाकावर बसले. थोड्याच वेळात एक गृहस्थ आले आणि ‘ही आमच्या कुटुंबाची जागा आहे’ असे सगळ्यांदेखत म्हणाले. मी उठून मागे भिंतीला टेकून उभी राहिले. माझी मैत्रीण पुढे शवपेटीत होती आणि मला तिच्याविषयी काही आठवत नव्हते, केवळ माझे कान तापले होते एवढेच जाणवत होते. पाहुण्यांनी काय करावे याची चर्चा योग्यच आहे, पण मंडळीतील माणसांनी काय करू नये हेही कोणी सांगायला हवे.

घंटाघर

बाई, तुमचे म्हणणे पूर्णतः मान्य आहे. ठरलेल्या बाकावरच बसण्याची सवय आमच्या जुन्या कुटुंबांत खोल रुजली आहे, आणि शोकाच्या दिवशी तरी ती बाजूला ठेवायला हवी होती. तुम्हाला भिंतीला टेकून उभे राहावे लागले याची मला लाज वाटते. हा प्रतिसाद मी आमच्या कमिटीच्या सभेत वाचून दाखवणार आहे.

सरळ प्रश्न

मी कोणालाही दुखावू इच्छित नाही, पण अनेकांच्या मनात असलेला प्रश्न विचारतो. एकदा गेलो की नाव, पत्ता, फोन लिहून घेतात आणि मग मागे लागतात, धर्म बदला म्हणतात, असे ऐकले आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना कळले तर तेही विचारतील. याबाबत खरी परिस्थिती काय आहे?

घंटाघर

विचारलेत हे चांगले केलेत, कारण न विचारता मनात ठेवलेली शंका फाटकाबाहेरूनच परत नेते. पुण्याला ही भीती नवी नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशा मंडळींसमोर चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून एवढे ग्रामण्य (जातीतून वाळीत टाकण्याचा वाद) माजले की ते प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर आले. आजही आमच्याकडे उपासनेनंतर आवारात चहा असतो. तुम्ही तो घेतला तर तो चहाच असेल.

काही मंडळ्यांत नव्या माणसांसाठी माहितीपत्रक भरून घेतात. ते भरणे ऐच्छिक असते. ‘आज फक्त पाहायला आलो आहे’ एवढे म्हणावे. त्यानंतरही कोणी आग्रह धरला तर तो त्या माणसाचा दोष समजावा आणि पाळकांना सांगावे. उपासनेला बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. प्रौढ माणसाने स्वतः येऊन इच्छा सांगितली, तरी त्याला आधी शिकवले जाते, विचार करण्यास वेळ दिला जातो. कॅथलिक मंडळीत तर ही तयारी अनेक महिने चालते.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. संदेशात ख्रिस्ताविषयी बोलले जाईल, आणि तोच तारणारा आहे असे मनापासून सांगितले जाईल, कारण त्यासाठीच आम्ही तिथे जमतो. कीर्तनाला गेल्यावर बुवा विठ्ठलाचेच गुण गातील, तसे ते आहे. ते ऐकून घेण्याची तयारी ठेवून यावे, आणि पटले नाही तर नाही म्हणून जावे.

ठेका

मी तबला वाजवतो, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. चर्चमध्ये ऑर्गनवर पाश्चात्त्य चालीच ऐकायला मिळतात अशी माझी समजूत होती, पण कसबा पेठेत राहणाऱ्या एका मित्राने सांगितले की त्यांच्याकडे पेटी-तबल्यावर अभंग होतात. हे खरे आहे का? बाहेरच्या माणसाला गाता येते का?

घंटाघर

अगदी खरे आहे, आणि याविषयी मला किती लिहू असे होते. आमच्या हाती जे पुस्तक असते त्याचे नाव ‘उपासना संगीत’. त्यात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. एकीकडे इंग्रजीतून आलेली, चार ओळींची, ऑर्गनवर उभे राहून म्हणायची गीते. दुसरीकडे अस्सल मराठी पदे, भजने, अभंग. ही दुसरी बाजू समृद्ध करणाऱ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रभागी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी आपली ओवी-अभंगाची वाणी सोडली नाही, तीच ख्रिस्ताच्या चरणी आणली. संतांचे अभंग कानावर असलेल्या माणसाला त्यांची रचना पहिल्याच ओळीत ओळखीची वाटते. पुस्तकात फक्त शब्द असतात, चाल मंडळीच्या कंठात असते. म्हणून एकच पद नगरच्या मंडळीत एका चालीवर आणि पुण्यात दुसऱ्या चालीवर ऐकू येते.

वेदीच्या बाजूच्या भिंतीवर एक लाकडी फलक असतो, त्याच्या खाचांत आकड्यांच्या पट्ट्या सरकवलेल्या असतात. ते त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. दारावर पुस्तक घेतलेत की फलक पाहून पाने शोधून ठेवावीत. गाणे हा उपासनेतला असा भाग आहे की तिथे पाहुण्याला कुठलीच अट नाही. दोन कडवी ऐकली की तिसऱ्याला तुमचा आवाज आपोआप मिसळतो. आमचे वयस्कर तबलजी तुम्हाला पाहून नक्कीच विचारतील, ‘बसता का जरा?’

हडपसरचा

पूरक माहिती देतो. मी ज्या मंडळीत जातो ती पेंटेकॉस्टल परंपरेतील आहे आणि आम्ही भाड्याच्या सभागृहात जमतो. घंटा, वेदी, छापील प्रार्थना यांपैकी काही नसते. गिटार, ड्रम, कीबोर्ड यांवर पहिला तासभर गाणी चालतात, शब्द पडद्यावर दिसतात, लोक हात उंचावून, टाळ्या वाजवून, कधी रडत प्रार्थना करतात, आणि सर्व जण एकाच वेळी मोठ्याने बोलू लागतात तेव्हा नवख्या माणसाला धास्ती वाटू शकते. संदेश तासभर चालतो. एकूण अडीच-तीन तास धरून यावे. शांततेची अपेक्षा ठेवून आलेल्या माणसाने दाराजवळची खुर्ची घ्यावी आणि हवे तेव्हा उठावे. आमच्याकडे आजाऱ्यांना पुढे बोलावून प्रार्थना करतात. जायची इच्छा नसेल तर जाऊ नये. चर्च म्हटले की सगळीकडे सारखेच असेल असे समजून आलेले लोक गोंधळतात, एवढ्यासाठी लिहिले.

वसईची वाट

हडपसरचा यांनी लिहिले ते योग्यच. जाता जाता नाताळविषयी : २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीची मिस्सा अनेकांना पाहायची असते. जरूर यावे, पण त्या रात्री आवारात मांडव घालूनही जागा पुरत नाही आणि सेवकांना कोणाकडे लक्ष देता येत नाही. पहिली भेट एखाद्या साध्या रविवारी, वेदीवर हिरवे कापड असते त्या सामान्य काळात झाली, तर शेजारचा माणूस तुम्हाला पान शोधून देईल. जांभळे कापड दिसले तर तो ख्रिस्तजन्माच्या तयारीचा किंवा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ समजावा. त्या दिवसांत गीते आणि सजावट दोन्ही संयमाची असतात. गुड फ्रायडेला तर मिस्साच होत नाही, वेदीवर कापडही नसते.

कर्वेरस्ता

काल बाप्तिस्म्याला जाऊन आलो, म्हणून वृत्तान्त लिहिते. आम्ही मधल्या ओळीत बसलो. माझ्या शेजारी पांढऱ्या नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांनी काही न बोलता आपल्या पुस्तकात पान काढले, माझ्या हातातले पुस्तक घेऊन त्यातही तेच पान काढले आणि ओळीवर बोट ठेवून परत दिले. प्रत्येक गीताला त्यांनी असेच केले. पाणी मस्तकावर पडताच बाळ आधी दचकले आणि मग असे रडू लागले की माझी मुलगी बाकावर उभी राहून पाहू लागली. पाळकांनी बाळाला खांद्यावर घेतले आणि त्याच्याकडे पाहतच उरलेली प्रार्थना म्हटली.

विश्वासांगीकाराला मी उभी राहिले आणि गप्प राहिले. कोणी पाहिले नाही. काल प्रभुभोजनही होते. आजी पुढे गेल्या तेव्हा मी पाय आत घेऊन त्यांना वाट दिली. परतल्यावर त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. ती भाकर त्यांच्यासाठी काय आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून जेवढे कळले तेवढे इथे वाचूनही कळले नव्हते. दानाची थैली मी पुढे देत होते, तोवर मुलीने आपल्या पर्समधले पाच रुपये त्यात टाकले.

घंटाघर

ताई, आवर्जून लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. कमिटीच्या सभेत शिक्षिकाबाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. पुढच्या दोन ओळींच्या कडेची बाके पाहुण्यांसाठी मोकळी ठेवावीत असे काहींचे म्हणणे पडले, पण तिथे बसून त्यांना उठण्या-बसण्याचे काही दिसणार नाही म्हणून ती मधल्या ओळींत ठेवण्याचे ठरले. ठरावीक जागांवर बसणाऱ्या दोन कुटुंबांनी आपली बाके स्वतःहून दिली. प्रभुभोजनापूर्वी पाळकसाहेब आता पाहुण्यांना उद्देशून त्याचा अर्थ थोडक्यात सांगतात.

फाटकावर काल पाटी लावली आहे. मजकूर असा : ‘चपला घालून आत यावे. उपासना सुरू झाली असली तरी आत येता येते. फुले दारावर द्यावीत.’